अप्पांचा अंगठा

परवा रविवारी सकाळी खंडेश्वरीच्या देवळाजवळच्या चहाच्या टपरीपुढे एक तरुण नवी कोरी सायकल घेऊन उभा होता. माझी त्याची ओळख नाही. तरी मी त्याच्याजवळ गेलो, वाकलो आणि त्याच्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला. तो दचकून म्हणाला, "काय झालं काका?" मी काहीतरी पुटपुटून मागे सरलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणं बरं नव्हे. पण ती सवय माझी नव्हेच. ती मन्मथअप्पांची, माझ्याकडे राहून गेलेली.

अप्पांचं बीडच्या जुन्या बाजारात भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाने पातेलं पसंत केलं की अप्पा ते हातात घेत, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारत, कान देत आणि मग मान हलवत. त्या आवाजातून त्यांना काय कळत होतं, देव जाणे. सगळी पातेली एकाच कारखान्यातून येत. पण टिचकी मारल्याशिवाय एकही पातेलं दुकानाबाहेर पडलं नाही, आणि गिऱ्हाईकही पैसे देऊन झाल्यावर टिचकीसाठी थांबून राही.

सायकल मूळची त्यांच्या मुलाची. नागेशने वजन कमी करायचं मनावर घेऊन पुण्याहून जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल आणली. त्याचं मन लवकरच बदललं. सायकल दुकानामागच्या अंगणात उभी राहिली आणि सूनबाई तिच्यावर कपडे वाळत घालू लागल्या. अप्पांना वस्तू वाया गेलेली बघवत नाही. "वाळवणच घालायचं हुतं तर पुण्याहून कावून आणली?" असं म्हणत त्यांनी कपडे काढले आणि त्या कपड्यांचेच दोन चिमटे पायजम्याच्या पायांना लावून ते निघाले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, घोट्याशी एक निळा आणि एक गुलाबी चिमटा, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. हेल्मेट घालायला त्यांची हरकत नव्हती, पण पट्टे झाकलेले त्यांना चालत नसत. "देवानं वळखाय नको का?" त्यामुळे हेल्मेट इतकं मागे सरकलेलं असे की पडलेच तर त्यांची फक्त मान वाचली असती.

सुरुवातीला ते एकटे जात. पण भर बाजारातल्या माणसाला एकटं सायकलवर जाणं सोपं नसतं. जो तो थांबवून विचारी, "अप्पा, गाडी बिघडली का?" रोज उत्तर देऊन कंटाळल्यावर त्यांनी ठरवलं की सोबतीला माणसं घ्यावीत, दहा जणांच्या गाड्या एकदम बिघडत नाहीत, हे लोकांनाही कळतं. नागेशने त्यांना मोबाइलवर एक ग्रुप काढून दिला. नाव अप्पांनी ठेवलं, 'सावकाश'. नियम दोनच. जो सगळ्यात हळू, त्याच्या चालीने सगळ्यांनी जायचं. आणि कुणी पडलं तर 'पडला' म्हणायचं नाही, 'उतरला' म्हणायचं. अप्पा सगळ्यात मागे चालत. दर वळणावर मान वळवून बघत, मागे कुणी राहिलं नाही ना. मागे कुणी असणं शक्यच नव्हतं, कारण सगळ्यात मागे ते स्वतःच असत. तरी बघत.

मी 'सावकाश'मध्ये गेलो तो साखरेमुळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगातून घाम निघाला पाहिजे. सरकारी कचेरीत तशी सोय नाही. मी सायकल घेतली आणि पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी चाकांत हवा भरून आणली. पंक्चरवाल्याने विचारलं, "किती टाकू?" मी म्हटलं, "टाइट." आपल्याकडे या विषयावर याहून जास्त बोलणं होत नाही. टायर ठोकून बघितलं, टणटणीत होतं. मला समाधान वाटलं.

अप्पा हवा दोनदा तपासत. एकदा टपरीपुढे आणि पुन्हा पालीच्या धरणाकडे जाताना डांबर संपून मुरमाची वाट लागते तिथे. माझ्या टायरवर त्यांनी अंगठा दाबला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला उगीचच काहीतरी कबूल करावंसं वाटलं.

"साहेब, ही सायकल हाय का बैलगाडीची लोखंडी धाव?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपण काढून हवा सोडायला सुरुवात केली. विकत भरलेली नसली तरी मी स्वतः उभं राहून भरून घेतलेली हवा होती ती. मला राग आला आणि राग आल्याबद्दल लगेच लाजही वाटली. अप्पा सांगत होते, टायर मऊ असलं की खड्यावर दबतं, जमीन धरून चालतं. टणक टायर खड्यावरून उडतं. "नुस्तं वरच्या वर जातं बघा. तुमच्या मोठ्या सायबावानी." बाकीचे हसले. मी आमच्या मोठ्या साहेबांची बाजू घ्यायला हवी होती, घेतली नाही. पण मुरमावर सायकल खरोखरच शहाण्यासारखी चालली, आणि पहिल्या चढाला मी उतरलो तेव्हा अप्पा मागून येऊन शेजारी उभे राहिले. "दमलात का?" मी हो म्हटलं. "मग थांबू." पुढे थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. या वेळी मी नाही म्हटलं. "तरी थांबू."

अंगठा न लावू देणारा एकच माणूस मला आठवतो. चकलांब्याकडचे एक भाऊसाहेब. पुढारी माणूस, भरपूर शेती. त्यांची सायकल जीपच्या टपावरून आली आणि फोटो काढायला दोन कार्यकर्ते आले. अप्पा वाकले, तसं भाऊसाहेबांनी चाक बाजूला घेतलं. "आमच्यात ढिलं काही चालत न्हाई, अप्पा." अप्पांनी अंगठा पायजम्याला पुसला आणि जाऊ दिलं.

पहिल्याच उतारावर भाऊसाहेबांचं पुढचं चाक खड्यांवर नाचलं, आडवं झालं आणि ते वेड्या बाभळीच्या झुडपात गेले. कार्यकर्त्यांनी मोबाइल खाली घेतले. कुणी पुढे होईना. पुढाऱ्याला झुडपातून काढायचं म्हणजे आधी तो झुडपात आहे हे मान्य करावं लागतं. मागून अप्पा आपल्या चालीने आले, सायकल उभी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊसाहेब उतरले. सगळ्यांनी उतरा."

आम्ही सगळे उतरलो. जणू तिथे थांबायचं आधीच ठरलं होतं. कुणी पाणी प्यायलं, कुणी डोंगराकडे बघितलं. अप्पा भाऊसाहेबांच्या कोपरातले काटे काढत बसले. सगळे काटे निघाल्यावर भाऊसाहेबांनी स्वतःच चाक पुढे केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काढा थोडी."

पुढच्या आठवड्यात चौकात मोठा फलक लागला. हेल्मेट घातलेले भाऊसाहेब आणि खाली 'युवकांचे प्रेरणास्थान'. मागे कडेला अप्पा अर्धेच आले होते. मी दुकानात जाऊन त्यांना सांगितलं. त्यांना भाऊसाहेबांविषयी काहीही विचारायचं नव्हतं. "पट्टे दिसतेत का?" एवढंच त्यांनी विचारलं.

अप्पांचा अंगठा कधी चुकत नसे असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. पण ते खोटं होईल. उत्साहाच्या भरात ते हवा फार काढत. मग दगडावर आपटलं की रिम थेट ट्यूबवर बसे आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडत. त्यात बाभळीचे काटे. एका रविवारी आमच्यापैकी एकाचंही चाक धड राहिलं नाही आणि आम्ही सगळे सायकलींसह कांद्याच्या टेम्पोतून परत आलो. अप्पा ड्रायव्हरशेजारी बसले होते. बाजारात उतरल्यावर त्यांना कुणीतरी विचारलंच, "अप्पा, गाडी बिघडली का?"

त्यानंतर त्यांनी ट्यूबलेसचा ध्यास घेतला. टायरच्या आत ट्यूबच नको; तिच्याऐवजी दुधासारखं चिकट औषध ओतायचं, काटा घुसला की ते भोक आतून आपोआप बुजवतं. हे औषध कंपनीचं मिळतं. पण घरी करता येण्यासारखी वस्तू विकत आणायची, हे व्यापारी माणसाला पटेना. अप्पांनी दुकानातलंच एक पातेलं टिचकी मारून निवडलं आणि अंगणात सुतारी गोंद, पाणी आणि चिंचोक्याची खळ शिजवली. घोंगडीला खळ लावली की घोंगडी पाणी धरत नाही, मग टायर हवा का सोडेल, असा त्यांचा विचार होता. आम्हाला तो तेव्हा बिनतोड वाटला.

दिवस चैत्राचे. उन्हाने ती खळ टायरात आळली आणि तिचा गोळा झाला. चाक फिरलं की गोळा वर जाई आणि थप्प करून खाली पडे. त्या रविवारी आम्ही सगळे ओळीने थप्प, थप्प करत धरणापर्यंत गेलो. शेतात काम करणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या घरी चाकांना मुंग्या लागल्या होत्या. अप्पांनी आठवडाभर कुणाला तोंड दाखवलं नाही. मग ग्रुपवर त्यांचा निरोप आला, "कंपनीचं आणू." कंपनीला त्यांनी माफ केलं आहे, असा त्याचा सूर होता.

मग त्यांच्या अंगणात एक मोठा कार्यक्रमच झाला. टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावायचं, आत औषध ओतायचं आणि मोठ्या पंपाने एकदम हवा भरायची, म्हणजे टायरची कड रिममध्ये फट्टकन बसते. औषध अप्पा तूप वाढायच्या पळीने मोजून ओतत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. प्रत्येक 'फट्ट'ला ते डोळे मिटून हात जोडत. शेजारची माणसं गॅस फुटला की काय म्हणून धावत आली आणि चहा घेऊन गेली. आमच्यात सुनंदा मॅडम होत्या, नेकनूरकडच्या शाळेत शिकवणाऱ्या. चाळिशी उलटेपर्यंत त्या सायकलवर बसल्याच नव्हत्या. पहिल्या फट्टला त्या अप्पांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या मागे लपल्या. शेवटी शेवटी मात्र "माझं अजून एकदा करा ना" म्हणू लागल्या.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना अप्पांना एका चढावर चक्कर आली. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि आम्हाला म्हणाले, "मी उतरलो." नागेश गाडी घेऊन आला. रक्तदाब निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि अक्कांनी निकाल दिला. लोकांना शिकवायला जात असाल तर जा, ते पुण्याचं काम आहे, त्यात देव सांभाळतो. नुसतं हिंडायला जात असाल तर सायकल वर टांगायची. शेवटच्या शिकाऊ माणसाला सायकल आली की तुमचं जाणं बंद.

अप्पांनी अट लगेच मान्य केली. तेव्हा शिकाऊ माणसांचा तोटा नव्हता. आणि आपण किती चांगलं शिकवतो, याचा त्यांना अंदाज नव्हता.

एकेक जण शिकत गेला. शिकलेल्या माणसाला सावकाश जाववत नाही. त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला, 'तुफान' नावाचा, आणि ते मांजरसुंब्याकडे डांबरी रस्त्याने टणक टायरांवर सुटू लागले. वाटेत दिसले की "अप्पा, येतो!" म्हणून हात करत आणि "चल बे, चल बे" करत दिसेनासे होत. अप्पा म्हणत, "बघा, कसे निघाले पाखरावानी." त्यात कौतुक होतं. त्यानंतर ते मागे वळून उरलेली माणसं मोजत.

सगळ्यांत शेवटी सुनंदा मॅडम आल्या, पेढे घेऊन. "अप्पा, मला तिकडं घेतलं." अप्पांनी पेढा तोंडात टाकला, लई चांगलं झालं म्हणाले आणि सवयीने त्यांच्या टायरवर अंगठा दाबून हवा सोडू लागले. किती वेळ सोडत राहिले. मॅडम बिचाऱ्या उभ्या होत्या. शेवटी मीच म्हटलं, "अप्पा, बास."

आता शिकाऊ माणूस मी एकटाच उरलो.

इथे मला सांगितलं पाहिजे की मलाही सायकल आली होती. पांढरीची चढण म्हणून एक मुरमाची चढण धरणाच्या मागे आहे. आदल्याच रविवारी मी बोलता बोलता तिच्या निम्म्यावर पोचलो होतो आणि दम लागायचा राहून गेल्याचं माझ्या लक्षात आलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. मॅडम गेल्यापासून मी दर रविवारी निघताना घरीच टायरांतली थोडी जास्तीची हवा काढून टाकू लागलो, म्हणजे सायकल जड चाले. चढणीवर एका ठरलेल्या खडकापाशी मी उतरत असे आणि छातीवर हात ठेवत असे.

दर शनिवारी संध्याकाळी अक्कांचा फोन येई. "साहेब, येतंय का हो तुमाला आता?"

"नाही अक्का. चढ आला की दम लागतो."

"असू द्या. सगळ्यांना सगळं येत न्हाई."

त्यांच्या आवाजातली दया मला मंगळवारपर्यंत पुरे. देवभोळ्या बाईशी मी खोटं बोलत होतो. त्यांच्या नवऱ्याच्या जिवाचं काही झालं असतं तर त्याला मी जबाबदार होतो. आणि नाही बोललो असतो तर त्या माणसाचा रविवार मी बंद केला असता. दोन्हीकडून मी अपराधी होतो. मला त्याची सवय आहे, पण आठवड्यातून एकदा ठरवून व्हायची नव्हती.

अप्पा एका माणसासाठीही सगळं रीतसर करत. टपरीपुढे अंगठा, डांबर संपल्यावर अंगठा. "सगळे आले का?" असं विचारत आणि मी हो म्हटल्यावरच निघत. माझ्या मागून येत आणि वळणावर स्वतःच्या मागे बघत. खडकापाशी मी उतरलो की शेजारी येऊन थांबत. "घाई न्हाई. हुईल." मग आम्ही धरणाजवळच्या हॉटेलात गरम भजी खात असू. दमलेल्या माणसाने काहीतरी खाल्लं पाहिजे, असं अप्पांचं मत होतं, आणि दमलो नाही असं मला म्हणता येत नव्हतं.

त्यामुळे साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम होत नाहीये. संक्रांतीला अक्कांकडे हळदीकुंकवाला माझी बायको गेली होती. तिथे सगळ्या बायकांत तिने आपलं दुःख सांगितलं. "दर रविवारी सायकलवर जातात अन् साखर चढतीच आहे. जातात कुठं कोण जाणे." अक्कांनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "घामानं शर्ट भिजतो का हो त्यांचा?" एवढंच विचारलं, असं बायकोने घरी येऊन सांगितलं. मला तेव्हाच धडकी भरली.

त्या शनिवारी फोन आला नाही.

रविवारी अप्पा टपरीवर आले, चहा घेतला, पण टायरला हात लावला नाही. "सगळे आले का?" न विचारताच निघाले. डांबर संपलं तिथे मी थांबलो. त्यांनी उतरून माझ्या मागच्या टायरवर अंगठा ठेवला आणि तसाच दाबून धरला. मग आपल्या सायकलला अडकवलेला पंप काढला, उकिडवे बसले आणि हवा भरू लागले. इतक्या वर्षांत त्यांना माझ्या चाकात हवा भरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "अप्पा, जास्त होईल."

"हुऊ द्या. निम्मी हवा तुमी घरीच काढून येता, ती काय मला कळत न्हाई का? जल्म गेला भांडी वाजवण्यात."

"कधीपासून कळतंय?"

"मॅडम गेल्या, त्याच्या फुडच्या रविवारपासून."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

अप्पा पुढच्या चाकाकडे सरकले. "बोललो असतो तर तुमी फुडं गेला असता. मग मी कुठं गेलो असतो, साहेब?"

पंपाचा आवाज होत राहिला. मी म्हटलं, "अक्कांना काय सांगायचं?"

"तिनंच सांगितलंय," अप्पा म्हणाले. "भरून द्या म्हणली त्यांची हवा. लई दिवस धरून ठिवलं माणसाला." त्यांनी अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून बघितलं, टोपण लावलं आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "आता जावा. खडकापाशी थांबू नका. भजी तर अजिबात नको."

मी गेलो. खडक आला आणि मागे पडला. सायकल हलकी चालत होती. घामाने शर्ट पाठीला चिकटला. मला आनंद झाला, हे इथे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण झाला.

दुसऱ्या दिवशी अप्पांची सायकल दुकानात वर, हंड्यांच्या ओळीत टांगली गेली. गिऱ्हाईक विचारतं, ही केवढ्याला? अप्पा गादीवरून म्हणतात, तिच्यात टिचकी मारायला जागा न्हाई, कशी इकू? चिमटे पुन्हा दोरीवर गेले. मी अधूनमधून जातो, आम्ही साखर आणि रक्तदाब यांवर बोलतो. पण गादीवर बसलेले अप्पा मला फारसे आठवत नाहीत.

मला आठवतात ते चढणीच्या माथ्यावरून दिसलेले. मी वर पोचलो आणि वळून पाहिलं. खाली मुरमाची वाट संपते तिथे ते सायकल फिरवत होते. पांढरा पायजमा, घोट्याशी दोन रंगीत ठिपके. ते सावकाश बसले, पाय मारला आणि शहराकडे निघाले. वाट रिकामी होती. पुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं. रस्त्याच्या पहिल्या वळणाशी ते थोडे थांबले आणि मान वळवून मागे बघितलं, कुणी राहिलं नाही ना. मग वळण घेऊन दिसेनासे झाले.